टप्पा अनुदान, जीआर आणि पुरवणी मागण्या : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी एका अंशतः अनुदानित माध्यमिक शाळेत शिकवतो. स्टाफरूममध्ये, एसटीत, पालक सभेनंतर व्हरांड्यात उभं राहून लोक मला जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत. शिक्षकांसाठी लिहिली आहेतच, पण ज्यांची मुलं अशा शाळेत आहेत त्या पालकांनी आणि तालुक्याच्या बातम्या लिहिणाऱ्या मित्रांनीही ती वाचावीत. 'अनुदान मंजूर' अशी एकच बातमी चार वेळा छापून येते आणि दरवेळी लोक आमचं अभिनंदन करतात, तेव्हा वाईट वाटतं.

अनुदानित, विनाअनुदानित, अंशतः अनुदानित यांत फरक काय?

शाळा खासगी संस्थेची, पण शिक्षकांचा पूर्ण पगार राज्याच्या तिजोरीतून, ती अनुदानित शाळा. शासनाची मान्यता आहे पण पगाराला एक रुपया नाही, ती विनाअनुदानित. आणि पगाराचा काही हिस्सा शासन देतं, बाकीचा संस्थेनं द्यावा असं गृहीत धरलेलं आहे, ती अंशतः अनुदानित. चौथा प्रकार स्वयंअर्थसहाय्यित शाळांचा, त्यांचा कायदाच वेगळा, २०१२ चा. त्या शाळा अनुदान मागणारच नाहीत या अटीवर उघडल्या जातात. बरेच पुढारी भाषणात या सगळ्यांची खिचडी करतात आणि म्हणतात, 'शाळा काढताना अनुदान नको म्हणालात, आता का मागता?' ते वाक्य स्वयंअर्थसहाय्यित शाळांना लागू होईल. आम्हाला का लागू होत नाही, ते पुढच्या उत्तरात.

'कायम' शब्दाचं प्रकरण काय होतं?

२४ नोव्हेंबर २००१ च्या शासन निर्णयानं (यालाच जीआर म्हणतात) नव्या शाळांना 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर परवानगी द्यायला सुरुवात झाली. त्या काळात निघालेल्या शेकडो मराठी शाळा वाड्या-वस्त्यांवरच्या आहेत, जिथे आठवीच्या पुढे शिकायचं तर मुलीला पाच-सात किलोमीटर चालावं लागायचं. तिथे फी कोण देणार? मुलांना वह्या आम्ही द्यायचो. शिक्षक संघटनांनी वर्षानुवर्षं लढून २० जुलै २००९ रोजी तो 'कायम' शब्द काढून घ्यायला लावला. उच्च माध्यमिकसाठी तो २०१४ साली निघाला. म्हणजे या शाळा अनुदानाला पात्र ठरू शकतात हे शासनानं स्वतः मान्य केलेलं आहे. आम्ही मेहेरबानी मागत नाही, मान्य झालेलं मागतो.

टप्पा म्हणजे काय? आणि त्याला इतकी वर्षं का लागली?

१५ नोव्हेंबर २०११ च्या निर्णयानं शाळांच्या मूल्यांकनाचे निकष ठरले. जी शाळा त्यात उतरेल तिला पहिल्या वर्षी २० टक्के, दुसऱ्या वर्षी ४०, असं करत पाचव्या वर्षी १०० टक्के वेतन अनुदान, अशी ती रचना होती. शिक्षकांच्या मोर्चात 'प्रचलित नियमानुसार अनुदान द्या' ही घोषणा ऐकू येते ती याच अर्थानं : दरवर्षी आपोआप पुढचा टप्पा.

प्रत्यक्षात काय झालं ते पाहा. १९ सप्टेंबर २०१६ च्या निर्णयानं १,६२८ शाळा आणि २,४५२ तुकड्यांना पहिले २० टक्के मिळाले. त्या वर्षी ४ ऑक्टोबरला औरंगाबादेत मंत्रिमंडळाची बैठक चालू असताना बाहेर शिक्षकांच्या मोर्चावर लाठ्या पडल्या, हेही विसरू नये. पुढचे २० टक्के १ नोव्हेंबर २०२० पासून, तेही फेब्रुवारी २०२१ मध्ये जीआर निघाल्यावर. ६० टक्के १ जानेवारी २०२३ पासून. ८० टक्के १ ऑगस्ट २०२५ पासून. वर्षाला एक टप्पा मिळता तर या शाळा २०२० सालीच १०० टक्क्यांवर गेल्या असत्या. चार वर्षांचा रस्ता नऊ वर्षांत कापूनही अजून एक पायरी बाकी राहिली, कारण प्रत्येक टप्प्यासाठी मंत्रिमंडळाचा नवा निर्णय, नवी तरतूद आणि त्याआधी नवं आंदोलन लागलं. 'कायम' शब्द निघाला त्या २००९ पासून पाच वेगवेगळे मुख्यमंत्री आणि बहुतेक सगळे पक्ष सत्तेत येऊन गेले. म्हणून कुठल्या एका पक्षाच्या नावानं बोटं मोडण्यात मला अर्थ वाटत नाही.

टक्के सोडा, रुपयांत किती होतात?

बी.एड. झालेल्या माध्यमिक शिक्षकाचं सातव्या वेतन आयोगातलं सुरुवातीचं मूळ वेतन ३८,६०० रुपये. त्याचे २० टक्के म्हणजे ७,७२०. ४० टक्के म्हणजे १५,४४०, ६० टक्के म्हणजे २३,१६०. भत्ते त्याच प्रमाणात वर येतात आणि कपाती खाली जातात. शेजारच्या अनुदानित शाळेत त्याच पदवीचा, तेच पुस्तक शिकवणारा, त्याच दहावीच्या निकालाला जबाबदार असलेला शिक्षक पूर्ण पगार घेतो.

उरलेला पगार संस्था देते ना?

कागदावर देते. गावाकडच्या संस्थेचं उत्पन्न काय असतं? वर्गखोल्यांचं पत्र्याचं छत बदलायलाही वर्गणी काढतात. मी रुजू झालो तेव्हा पहिली कित्येक वर्षं शून्य पगारावर काढली. आमच्यातले एक सर पहाटे चारला उठून डेअरीला दूध घालायचे आणि साडेदहाला शाळेत प्रार्थनेला उभे असायचे. त्यांच्या शर्टाच्या बाहीला कधीकधी गोठ्याचा वास यायचा. पोरं कधी हसली नाहीत, कारण पोरांच्या घरीही तेच काम होतं. दुसरे एक सर सुट्टीत द्राक्षबागेत छाटणीला जायचे. मुख्याध्यापकांनी हजेरीपटाच्या मागच्या पानावर कोणाकडे कोणाचं किती उसनं आहे याची यादी ठेवली होती.

पहिले २० टक्के बँकेत जमा झाले त्या दिवशी मी पासबुक छापून घेतलं आणि बँकेच्या पायरीवर बसून तो आकडा वाचला. आईला दाखवलं. तिला अक्षर ओळख नाही, तिनं त्या ओळीवरून बोट फिरवलं.

जीआर निघाला, मग पगार का वाढला नाही?

सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न येतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

शासन निर्णय म्हणजे शासनानं लेखी सांगितलेला शब्द. पैसा मात्र विधिमंडळाच्या मंजुरीशिवाय तिजोरीतून हलत नाही, हा राज्यघटनेचा नियम आहे. मार्चमध्ये अर्थसंकल्प मांडला जातो, त्यात प्रत्येक खात्याच्या खर्चाच्या मागण्या असतात. विधानसभा त्या मंजूर करते, मग विनियोजन विधेयक येतं आणि तेव्हा कुठे त्या लेखाशीर्षात, म्हणजे त्या खर्चासाठी ठरलेल्या सदरात, पैसा येतो. वर्षाच्या मध्ये खर्च वाढला तर पुरवणी मागण्या मांडतात. आपल्याकडे वर्षाला तीन अधिवेशनं होतात : मार्चचं अर्थसंकल्पी आणि जून-जुलैचं पावसाळी मुंबईत, डिसेंबरचं हिवाळी नागपुरात. म्हणजे तरतूद करायच्या वर्षात तीन ठरलेल्या संधी असतात. एक हुकली की पुढच्या अधिवेशनापर्यंत वाट पाहावी लागते.

मंजुरीनंतरही वाट संपत नाही. वित्त विभागाची सहमती, मग 'बीम्स' या शासनाच्या ऑनलाइन निधी-वाटप प्रणालीवर निधी वितरित होणं, मग शिक्षण संचालनालय, तिथून जिल्ह्याचं वेतन पथक, मुख्याध्यापकांनी शालार्थ या पगाराच्या ऑनलाइन प्रणालीत भरलेलं वाढीव देयक, मग कोषागार, मग बँक. यातल्या कुठल्याही टेबलावर फाइल थांबली तरी गावात लोक म्हणतात, 'सर, तुमचं तर झालं ना?'

म्हणून मी सहकाऱ्यांना एकच सांगतो. 'निर्णय झाला' ऐकलं की विचारा, 'तरतूद झाली का?' दोन्ही झाल्यावरच पेढे आणा.

ऑक्टोबर २०२४ ते ऑगस्ट २०२५ या काळात नेमकं काय घडलं?

१० ऑक्टोबर २०२४ ला मंत्रिमंडळानं पुढच्या टप्प्याला मान्यता दिली आणि १४ ऑक्टोबरला जीआर निघाला. दुसऱ्याच दिवशी, १५ तारखेला, निवडणूक आयोगानं विधानसभा निवडणूक जाहीर केली आणि आचारसंहिता लागली. २० नोव्हेंबरला मतदान, २३ ला निकाल. प्रचारात तो जीआर गावोगाव फिरला. आमच्या फाट्यावरच्या फलकावरही 'शिक्षकांना न्याय' असं लिहिलं होतं.

सरकार आलं. डिसेंबरात नागपूरचं अधिवेशन झालं, तरतूद आली नाही. १० मार्च २०२५ ला अर्थसंकल्प मांडला गेला, त्यातही टप्प्याचे पैसे दिसले नाहीत. ३० जूनला पावसाळी अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी ५७,५०९ कोटींच्या पुरवणी मागण्या सभागृहात आल्या आणि आम्ही त्यात स्वतःला शोधत बसलो. रस्ते होते, पाणी होतं, महामंडळं होती. आम्ही नव्हतो.

जूनपासून आझाद मैदानावर शिक्षक बसलेले होतेच. ८ आणि ९ जुलैला राज्यभरातल्या अशा शाळा बंद ठेवून हजारो जण मुंबईला आले. मी रात्रीच्या पॅसेंजरनं गेलो. मैदानात चिखल इतका की चप्पल हातात घेऊन चालावं लागत होतं. डोक्यावर निळं प्लास्टिक, त्यात साचलेलं पाणी कोणीतरी काठीनं खालून उचलून सांडायचं. विदर्भातल्या एक बाई प्लास्टिकखाली बसून घटक चाचणीचे पेपर तपासत होत्या. मी विचारलं तर म्हणाल्या, 'सोमवारी मुलांना मार्क्स द्यायचेत.' शरद पवार, उद्धव ठाकरे मैदानावर येऊन गेले. सरकारच्या वतीनं मंत्री गिरीश महाजन आले आणि अधिवेशन संपायच्या आत, म्हणजे १८ जुलैपर्यंत, मार्ग काढण्याचा शब्द दिला. आंदोलन स्थगित झालं. त्यानंतर सुमारे ९७० कोटींच्या खर्चाला मान्यता मिळाली आणि ऑगस्टमध्ये जीआर निघून १ ऑगस्ट २०२५ पासून वाढीव टप्पा लागू झाला.

जो शब्द निवडणूक जाहीर होण्याच्या काही दिवस आधी दिला गेला, तो पगारात उतरायला दहा महिने, तीन अधिवेशनं आणि भर पावसातलं आंदोलन लागलं. मधल्या महिन्यांचा हप्ता, किराणा, दवाखाना कोणी थांबवला नव्हता.

शाळा बंद ठेवल्यानं मुलांचं नुकसान होतं, त्याचं काय?

होतं. पालकांनी हे विचारलं तर मला राग येत नाही. आम्ही ते दोन दिवस पुढच्या शनिवारी-रविवारी तास घेऊन भरून काढले. पण एवढंच म्हणेन, की दहावीला गणित शिकवणारा माणूस पहाटे दूध घालून येत असेल तर मुलांचं नुकसान रोजच होत असतं, फक्त त्या दिवशी शाळेला कुलूप नसतं म्हणून ते दिसत नाही. चांगली पोरं हा पेशा सोडून गेली. आमच्याच शाळेतले विज्ञानाचे एक अतिशय हुशार सर आज एका कंपनीच्या गोदामात सुपरवायझर आहेत. त्यांच्या हातून जी मुलं घडली असती, त्यांचा हिशेब कुठल्या लेखाशीर्षात येत नाही.

शिक्षक आमदार विधान परिषदेत असतात. ते पैसे का आणू शकत नाहीत?

परिषदेच्या ७८ जागांपैकी ७ शिक्षक मतदारसंघांच्या आहेत : मुंबई, कोकण, नाशिक, पुणे, औरंगाबाद, अमरावती, नागपूर. पण खर्चाच्या मागण्यांवर मतदान फक्त विधानसभेत होतं. परिषद चर्चा करू शकते, आणि धन विधेयक जास्तीत जास्त १४ दिवस रोखू शकते, एवढंच.

मग शिक्षक आमदारांचा उपयोग काय? तारांकित प्रश्न, लक्षवेधी, अर्धा तास चर्चा, औचित्याचा मुद्दा, ही सभागृहात विषय मांडण्याची आयुधं त्यांच्याकडे असतात. मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यायला लावणं आणि ते उत्तर इतिवृत्तात छापलं जाणं याला किंमत आहे. पुढे त्याच उत्तरावर बोट ठेवून भांडता येतं. पण आपल्या गावच्या, पंचायत समितीच्या राजकारणातल्या, रोज लग्नाला येणाऱ्या विधानसभेच्या आमदाराकडे मागणीवर मत देण्याचा अधिकार आहे, हे बहुतेक शिक्षक विसरतात. निवेदन सगळे शिक्षक आमदाराला देतात. दोघांनाही द्या.

शिक्षक मतदारसंघात माझं नाव कसं येईल?

मागच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं माध्यमिक किंवा त्यावरच्या शाळा-महाविद्यालयात शिकवलेलं असावं लागतं. प्राथमिकच्या शिक्षकांना इथे मत नाही, ही गोष्ट कितीतरी जणांना ठाऊक नसते. ही यादी दर निवडणुकीला नव्यानं तयार होते, गेल्या वेळी नाव होतं म्हणून याही वेळी असेल असं धरून बसू नका. नमुना १९ भरायचा, सोबत मुख्याध्यापकांचं सेवेचं प्रमाणपत्र. अर्हता दिनांक १ नोव्हेंबर असतो. पुणे आणि अमरावतीची मागची निवडणूक डिसेंबर २०२० ला झाली आणि सदस्याची मुदत सहा वर्षांची असते. तिथल्या मित्रांनी हिशेब लावावा. मतपत्रिकेवर पसंतीक्रम १, २, ३ असे आकड्यांत लिहायचे, टिकमार्क केली की मत बाद.

आमच्या शेजारच्या शाळेला टप्पा मिळाला, आम्हाला नाही. असं का?

बहुतेक वेळा कारण 'त्रुटी' हे असतं : पटसंख्या निकषापेक्षा कमी, बिंदुनामावली (आरक्षणानुसार पदांचा तक्ता) तपासून घेतलेली नाही, शिक्षकाच्या नेमणुकीच्या वैयक्तिक मान्यतेचा कागद हरवलेला, तपासणीच्या दिवशी हजेरीची नोंद नीट नाही. संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शाळेची शिक्षकपदं ठरवताना, आता आधार वैध असलेलीच मुलं धरतात. ऊसतोड मजुरांची मुलं असलेल्या शाळांना हे फार जड जातं. नाव आधारवर 'सोनू' आणि दाखल्यावर 'स्वप्नील' असेल तर वर्गात समोर बसलेलं मूल कागदावर नसतं, आणि एका मुलानं पट घसरला की एक शिक्षक अतिरिक्त ठरतो. दिवाळीच्या सुट्टीच्या आत, टोळ्या कारखान्याला निघण्यापूर्वी, मुलांची आधार दुरुस्ती करून घ्या. आमच्याकडे दोन शिपाई आणि एक मॅडम मुलांना घेऊन तालुक्याच्या केंद्रावर तीन चकरा मारून आले, तेव्हा पट वाचला.

पेन्शनचं काय?

१ नोव्हेंबर २००५ पासून जुनी पेन्शन बंद झाली. त्या तारखेपूर्वी रुजू झालेले, पण ज्यांची शाळा तेव्हा १०० टक्के अनुदानावर नव्हती, अशांना शासनानं जुन्या पेन्शनबाहेर धरलं आणि तो वाद न्यायालयात गेला. म्हणजे टप्पा उशिरा मिळण्याची शिक्षा म्हातारपणीही चालू राहते. याबद्दल जितकं बोललं जायला हवं तितकं बोललं जात नाही.

आरटीईच्या २५ टक्के प्रवेशाचे पैसे आणि आमचं अनुदान एकच का?

नाही. शिक्षण हक्क कायद्यानुसार खासगी विनाअनुदानित शाळांत २५ टक्के जागांवर दुर्बल घटकांतल्या मुलांना मोफत प्रवेश मिळतो आणि त्या मुलांच्या फीची प्रतिपूर्ती शासन शाळेला करतं. ९ फेब्रुवारी २०२४ ला राज्यानं नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली. मुंबई उच्च न्यायालयानं मे महिन्यात त्याला स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ ला तो बदल रद्द केला. लेखाशीर्ष वेगळं, शाळा वेगळ्या, पण दुखणं एकच : कायद्यानं स्वीकारलेला खर्च तिजोरीतून वेळेवर निघत नाही.

तालुक्याच्या पत्रकारानं काय विचारावं? आम्हाला बातमी कळत नाही, फक्त पत्रक मिळतं.

पत्रकात 'मंजूर' असेल तर विचारा, कशात मंजूर? मंत्रिमंडळात की सभागृहात? जीआरचा दिनांक आणि त्यावरचा संगणक सांकेतांक मागून घ्या, शासनाच्या संकेतस्थळावर तो टाकला की मूळ कागद उघडतो. त्यातली 'कोणत्या तारखेपासून' ही ओळ आणि शेवटचा 'खर्च कोणत्या लेखाशीर्षाखाली भागवावा' हा परिच्छेद वाचा. आमदार म्हणाले 'मी प्रश्न मांडला', तर कोणत्या दिवशी आणि कोणत्या आयुधाखाली, हे विचारा. आणि महिन्याभरानं वेतन पथकात एक फोन करा. त्या दुसऱ्या फोनची बातमी क्वचितच छापून येते.

पुरवणी मागण्यांत आपला पैसा आहे की नाही, हे मला स्वतःला कसं पाहता येईल?

अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी किंवा त्याच सुमारास मागण्यांची पुस्तिका सभागृहात ठेवली जाते आणि नंतर वित्त विभागाच्या संकेतस्थळावर येते. शालेय शिक्षण विभाग काढा. प्रधान शीर्ष २२०२, सामान्य शिक्षण. त्याखाली प्राथमिक आणि माध्यमिक वेगवेगळे असतात. 'सहायक अनुदाने (वेतन)' या ओळीपुढे रक्कम आहे का आणि शेजारच्या स्पष्टीकरणात 'अंशतः अनुदानित' किंवा 'टप्पा' हे शब्द आहेत का, ते पाहा. प्रतीकात्मक तरतूद, म्हणजे हजार रुपयांसारखी नाममात्र रक्कम दिसली, तर ती फक्त दार उघडं ठेवण्यासाठी आहे, पगारासाठी नाही. अशी ओळ सापडली नाही तर त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढून तालुक्याच्या संघटनेच्या सचिवांना पाठवा आणि त्याच संध्याकाळी आमदारांच्या कार्यालयात जा. चर्चा आणि मतदान व्हायला त्यानंतर काहीच दिवस असतात.